हंसा वाडकर : तिनं सांगितलं, आपण ऐकलं का?

होटगी जंक्शनवर गाडी लेट असली की काय होतं, हे रोज सोलापूरला कॉलेजला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाच मिनिटं गप्पा, मग सगळ्यांचे मोबाईल बाहेर. गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी आमच्या ग्रुपमधल्या एकीनं लावणीचं एक रील दाखवलं. नाचणारी मुलगी आपल्याच वयाची. पाय असे काही पडत होते की बघतच राहावं. मग कुणीतरी खाली स्क्रोल करून कमेंट्स वाचायला सुरुवात केली. हिच्या घरचे काही बोलत नाहीत का, हिच्याशी लग्न कोण करणार, आणि त्याच्याही खालच्या पातळीचं बरंच काही. नाचाबद्दल एकही शब्द नव्हता. आम्ही हसलो नाही, पण काही बोललोही नाही. गाडी आली, चढलो.

घरी आल्यावर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, असलं तर हंसाबाईला पण ऐकावं लागलं असेल. कोण हंसाबाई? आजीनं जत्रेतल्या तंबूत ‘सांगत्ये ऐका’ बघितला होता, तेव्हा ती परकरात होती म्हणे. गोष्ट तिला फारशी आठवत नाही, हंसा वाडकर हे नाव मात्र आठवतं. मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या मला ते नाव ‘भूमिका’ ज्यांच्यावरून काढला त्या बाई, एवढंच माहीत होतं. म्हणजे एका बाईचं अख्खं आयुष्य मला परीक्षेतल्या एका मार्कापुरतं ठाऊक होतं. तुमचंही तसंच असेल तर हे वाचा.

रतनची हंसा झाली

तिचं खरं नाव रतन साळगावकर. जन्म मुंबईतला, 1923 चा. घराण्याची नाळ कलावंतिणींच्या परंपरेशी जोडलेली. म्हणजे गाणं-नाचणं घरात होतं, पण त्या गाण्या-नाचण्याला समाजात मान नव्हता. घरात पैशांची चणचण होती. शाळा लहानपणीच सुटली. आणि तेरा वर्षांची असताना, 1936 मध्ये, ती ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून पडद्यावर आली. तेरा वर्षं म्हणजे आपण आठवीत असतो बघा. आपण युनिट टेस्टचं टेन्शन घेतो त्या वयात तिच्या कमाईवर घर चालायला लागलं.

त्या काळाचा थोडा अंदाज यायला हवा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषानं ती भूमिका केली. हॉटेलात स्वयंपाक करणारा माणूस तो! पुढं वीसेक वर्षांत चित्र थोडं बदललं. बोलपट आला, गाता येणाऱ्या, बोलता येणाऱ्या मुलींची गरज वाढली. दुर्गा खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर आली तेव्हा केवढी चर्चा झाली. पण बहुतेक मुली यायच्या त्या कलावंतांच्या घरातूनच. त्यांच्याबद्दल समाजाचं मत आधीच ठरलेलं असायचं. गंमत अशी की तोच समाज तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायचा.

पडद्यावर आलेल्या रतनचं नाव बदललं. नाव बदललं, आडनावही बदललं. पोस्टरवर झळकलेल्या ‘हंसा वाडकर’ या दोन शब्दांतला एकही जन्मानं तिचा नव्हता.

घर हवं होतं, कॅमेरा नाही

आता जरा अवघड भाग. हंसाच्या आयुष्यात जगन्नाथ बंदरकर हा माणूस फार लवकर आला. घराच्या ओळखीतला, वयानं तिच्यापेक्षा बराच मोठा. पुढं त्याच्याशीच तिचं लग्न झालं. तिच्या आईचा या लग्नाला विरोध होता. लग्न झालं तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांच्या आसपास होती, आणि लग्नाआधीच तिला दिवस गेले होते. आज आपण या गोष्टीला काय म्हणू? कायदा काय म्हणेल? त्या काळी हे प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. नाव ठेवायचं ते मुलीला, एवढंच लोकांना माहीत होतं.

हंसानं स्वतःबद्दल जे सांगून ठेवलंय त्यातली एक गोष्ट मला सारखी आठवते. लग्नानंतर तिला सिनेमा सोडायचा होता. स्टार व्हायचं स्वप्न वगैरे काही नाही. घर, स्वयंपाक, मुलं, सणवार, बाकीच्या बायका जगतात तसं जगायचं होतं. पण नवऱ्याला तिनं काम करायला हवं होतं, कारण घर तिच्या पैशावर चालत होतं. करार तो बघायचा, व्यवहार तो बघायचा. सेटवर उभं राहायचं ते हिनं. आणि वर संशयही हिच्यावरच. नटी म्हणून पाठवायचं आणि नटी आहेस म्हणून बोलायचं, असा तो संसार. मध्ये गर्भपात झाले. एक मुलगी झाली.

तुम्ही म्हणाल, मग सोडून का नाही दिलं? हा प्रश्न मलाही पडला होता. पण विचार करा. शिक्षण नाही, स्वतःच्या हातात पैसा नाही, माहेर तिच्याच कमाईवर उभं, आणि एकट्या नटीला भाड्यानं खोली द्यायला कोण तयार होणार? सोडून जायला आधी कुठंतरी जायची जागा लागते.

त्या काळात कुणी भांडलंच नाही असंही नाही हां. शांता आपटे या तिच्याच काळातल्या मोठ्या नटी. त्यांनी 1939 मध्ये पुण्यात प्रभात कंपनीच्या दारात करारावरून उपोषण केलं होतं, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. पण शांताबाईंचं भांडण कंपनीशी होतं. हंसाला भांडायचं होतं ते घरातल्या माणसाशी, आणि घरातल्या माणसाच्या दारात उपोषणाला कुठं बसणार?

सखू आणि बया

कामात मात्र ती एकेक पायरी चढत गेली. बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’मध्ये तिनं 1939 मध्ये काम केलं. मालाडला स्टुडिओ असलेली ही कंपनी म्हणजे त्या काळातलं हिंदी सिनेमाचं मोठं नाव. मग ती प्रभातमध्ये आली. 1941 मध्ये ‘संत सखू’ आला. दिग्दर्शनात दामले, फत्तेलाल आणि राजा नेने ही तीन नावं, आणि सखूच्या भूमिकेत अठरा वर्षांची हंसा.

सखूची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कराडची सून, घरात छळ, मन मात्र पंढरपूरकडं. घरचे जाऊ देईनात, तरी ती वारीला जाते आणि तिच्या जागी घरातली कामं करायला साक्षात विठ्ठल येतो. आषाढीला आपल्याकडं सगळे रस्ते पंढरपूरला जातात, त्या गर्दीत सखूची गोष्ट सांगणारी एखादी आजी आजही भेटतेच. पडद्यावर सासरचा छळ सोसणारी सखू बघून लोक डोळे पुसत होते. ती भूमिका करणारी मुलगी रात्री कोणत्या घरात परत जाते, हे त्यांना कुठून कळणार? आणि तिच्या जागी उभं राहायला कुठला विठ्ठल आला नाही.

मग 1947. स्वातंत्र्याचं वर्ष. राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. राम जोशी कोण? पेशवाईतले शाहीर, आणि आपल्या सोलापूरचे! ब्राह्मण घरातला मुलगा, घरात शास्त्र-पुराणं, आणि याचा जीव रमला तमाशाच्या फडात. डफ-तुणतुण्याच्या नादापायी त्यानं घर सोडलं. चित्रपटात राम जोशी झाले होते जयराम शिलेदार. कथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचं, दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही दोन नावं. आणि फडावरची बया होती हंसा वाडकर. चोवीस वर्षांची.

हा चित्रपट जबरदस्त चालला. हिंदीतही ‘मतवाला शायर राम जोशी’ या नावानं आला. मराठीत तमाशापटांची जी लाट नंतर दोन-तीन दशकं चालली, तिची सुरुवात अभ्यासक इथूनच धरतात. आज आपण ‘नटरंग’ बघतो, अकलूजच्या लावणी स्पर्धेची क्लिप शेअर करतो, मोडनिंबच्या कलाकेंद्रांची नावं ऐकतो. मराठी पडद्यावर लावणी कशी दिसते याचं जे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यातला पहिला मोठा वाटा बयाचा, म्हणजे हंसाचा आहे. सखूही तिनंच केली आणि बयाही. एकीला लोक नमस्कार करत होते, दुसरीला शिट्ट्या मारत होते. बाई एकच होती.

त्यानंतर 1950 मध्ये राजा परांजपे यांचा ‘पुढचं पाऊल’ आला. त्यात पु. ल. देशपांडेही होते. आणि 1959 मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. हा तर विक्रमच होता. पुण्यात एकाच थिएटरमध्ये अडीच वर्षांच्या आसपास चालला. वसंत पवारांचं संगीत, आणि आशा भोसले यांनी गायलेली बुगडीची लावणी तर आजही गॅदरिंगला कुणीतरी करतंच. त्या लावणीवर नाचल्या त्या जयश्री गडकर. म्हणजे बघा, ज्या प्रकारच्या सिनेमाची सुरुवात हंसापासून झाली त्याचा सगळ्यात मोठा हिट आला तेव्हा नायिकेच्या जागी नवी मुलगी होती. हंसा त्या चित्रपटात होती, पण पडद्याचा उजेड आता दुसरीवर पडला होता. त्या वेळी तिचं वय होतं छत्तीस.

मराठवाड्यातली ती वर्षं

मधल्या काळातली एक गोष्ट टाळून पुढं जाता येत नाही. कारकीर्द भरात असताना एका भांडणानंतर, दारूच्या भरात, ती घरातून बाहेर पडली. एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेली. तिथं गेल्यावर कळलं की त्या वाड्यात आपण तिसरी बायको आहोत. सुरुवातीला तिला तेही चाललं. कारण तिला जे हवं होतं ते घर, चूल, माणसं असं सगळं तिथं होतं. फक्त दरवाजा ओलांडायची परवानगी नव्हती. जवळजवळ तीन वर्षं मराठी सिनेमाची एवढी मोठी नायिका एका वाड्यात डोक्यावर पदर घेऊन राहिली.

शेवटी तिनं लपूनछपून नवऱ्यालाच पत्र पाठवलं. तो पोलीस घेऊन आला. सुटका झाली म्हणावं, तर ज्या अधिकाऱ्यापुढं हे प्रकरण गेलं त्यानंच तिच्यावर अत्याचार केला. हे तिनं स्वतः सांगून ठेवलंय. पिंजरा उघडायला जावं आणि किल्ली असणारा माणूसच तसा निघावा. घरी परत आली तेव्हा तिची मुलगी मोठी झाली होती, आणि दारू आता तिची सोबतीण झाली होती.

हा भाग वाचताना मला एकदा वाटलं, हे पुरवणीत लिहावं का? आपल्याकडं असल्या गोष्टी गॉसिप म्हणून चघळतात, नाहीतर बिचारी म्हणून हळहळतात. पण मग लक्षात आलं, हे आपण शोधून काढलेलं गुपित नाही. तिनं आपण होऊन, पूर्ण शुद्धीत, लोकांना वाचायला म्हणून सांगितलेलं आहे. मग ते लपवून आपण कुणाची अब्रू वाचवतो? तिची तर नक्कीच नाही.

मग ती बोलली

1966 साल. श्री. ग. माजगावकर यांचं ‘माणूस’ हे नियतकालिक तेव्हा जोरात होतं. अरुण साधू हा तरुण पत्रकार हंसा वाडकरांना भेटला. हो, पुढं ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे तेच अरुण साधू. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे! ती सांगत गेली, ते ऐकत गेले आणि उतरवून घेत गेले. ते ‘माणूस’च्या दिवाळी अंकात आलं, आणि 1970 मध्ये राजहंस प्रकाशनानं त्याचं पुस्तक काढलं. नाव तिच्याच गाजलेल्या चित्रपटाचं, ‘सांगत्ये ऐका’.

सिनेमाच्या पोस्टरवर ते नाव म्हणजे फडावरची ललकारी होती. पुस्तकावर आल्यावर त्याचा अर्थच बदलला. आतापर्यंत माझ्याबद्दल तुम्ही बोललात, आता मी बोलते.

हे पुस्तक लायब्ररीतून आणून वाचा, सव्वाशे पानांच्या आत-बाहेरचं काम आहे, एका रविवारी होतं. दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, ती स्वतःला सोडत नाही. दारू, चुका, पुरुष, मुलीपासून दुरावणं, सगळं सांगते. रडून सहानुभूती मागत नाही आणि आपण कशा शहाण्या होतो असंही दाखवत नाही. दुसरी, ती ज्या पद्धतीनं बोलते ती. समोर बसून चहा पिता पिता सांगावं इतकं सरळ. आज पॉडकास्टवर सेलिब्रिटी येऊन आपली स्टोरी सांगतात, मागं पीआर टीम असते, कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला नाही हे आधी ठरलेलं असतं. हंसाच्या मागं कुणी नव्हतं. तिला ते सांगून काम मिळणार नव्हतं, पैसा मिळणार नव्हता, उलट होती नव्हती ती इज्जत जाण्याची भीती होती. तरी तिनं सांगितलं.

पुस्तक आल्यावर वर्षभरातच, 1971 मध्ये ती गेली. वय फक्त अठ्ठेचाळीस.

बावीस वर्षांची स्मिता

पुढं 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारानं ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. नायिकेचं नाव उषा ठेवलं. नवऱ्याच्या भूमिकेत अमोल पालेकर, वाड्यातल्या मालकाच्या भूमिकेत अमरीश पुरी. आणि उषा झाली स्मिता पाटील. चित्रपट आला त्या वर्षी स्मिताचं वय होतं बावीस. एका आयुष्यात थकून गेलेली बाई तिनं बावीसाव्या वर्षी अशी उभी केली की तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाला पटकथेसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘भूमिका’ जगभर पोचला. त्यामुळं झालं असं, की आज हंसा वाडकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्मिता पाटीलचा चेहरा येतो. माझ्याही आला होता. आधी नाव बदललं, मग पैसा दुसऱ्यांच्या हातात गेला, आणि शेवटी चेहराही दुसरीचा. यात स्मिताचा दोष नाही, बेनेगलांचा तर नाहीच. त्यांच्यामुळं निदान गोष्ट तरी टिकली. पण म्हणूनच सांगते, ‘भूमिका’ बघा, नक्की बघा, आणि मग ‘राम जोशी’मधली खरी हंसा पण शोधून बघा. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो, तरी बयानं नजर वर केली की कळतं लोक का वेडे झाले होते.

आपलं काय?

तुम्हाला वाटेल, ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं आज काय घेऊन बसलीस? मी आमच्या होटगीतच मोजून बघितलं. माझ्या ओळखीतल्या किती मुली कमावतात, आणि त्यातल्या कितींचं एटीएम कार्ड त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये असतं? आकडा छापण्यासारखा नाही, म्हणून देत नाही. तुम्ही तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत मोजून बघा. ज्या मुलीला लग्नानंतर नोकरी सोडायला लावतात तिच्याबद्दल आपण बोलतो, ते बरोबरच आहे. पण जिला सोडायची असून सोडू देत नाहीत, कारण तिच्या पगारावर हप्ता चालतो, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दोन्हीकडं निर्णय तिचा नसतो, प्रश्न तोच आहे. हंसानं हे स्वतः भोगून सांगितलं, तेही ज्या काळात यासाठी शब्दसुद्धा नव्हते.

आजीला मी पुस्तकातलं थोडं वाचून दाखवलं. तिला डोळ्यांनी आता नीट वाचता येत नाही. मराठवाड्याचा भाग आला तसं तिनं मला थांबवलं नाही, मला वाटलं होतं थांबवेल. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, तंबूत आम्ही नुसतं बघितलं गं तिला.

परवा स्टेशनवर पुन्हा गाडी लेट होती. ग्रुपमध्ये पुन्हा कुठलंसं रील निघालं, पुन्हा एकजण कमेंट्स वाचायला लागला. या वेळी मी म्हटलं, काय बे, कमेंट काय वाचतोस, नाच बघ की आधी. त्यानं दचकून बघितलं. मग आम्ही ते रील पहिल्यापासून लावलं, आवाज वाढवून, शेवटपर्यंत.